दोष शिरेचा, आरोप नळीवर!

"जयभीम वकीलसाहेब. माझ्या पोटात जन्मापासून काय बिघाड आहे म्हणते हा कंपनीवाला?"

हातात विमा कंपनीच्या लेखी कैफियतीची प्रत घेऊन एक कामगार २०२३ साली माझ्या ऑफिसात आला आणि खुर्चीवर बसण्याआधीच त्याने हा प्रश्न विचारला. उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीतला हा माणूस. वय चौतीस, काम सेंट्रिंगचे. २०२१ च्या डिसेंबरात दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला. उजव्या बाजूच्या दोन बरगड्या मोडल्या, मनगट मोडले, लघवीतून रक्त आले. ठेकेदाराने एका खाजगी रुग्णालयात नेले, आठ दिवसांनी सुटी झाली. मनगट वाकडे जुळले. सळई वाकवणे, प्लेटा उचलणे बंद झाले. नुकसानभरपाईचा दावा मीच दाखल केला होता. दावा साधा होता. कामावर असताना अपघात झाला, साक्षीदार होते, रुग्णालयाचे कागद होते. विमा कंपनी फार तर टक्केवारीवर भांडेल असा माझा अंदाज होता.

कैफियतीत मात्र वेगळेच लिहिले होते. "अर्जदारास मूत्रवाहिनीचा जन्मजात दोष असून सदर दोष त्याने मालकापासून लपवून ठेवला. त्यास होणारा त्रास व कामाची अक्षमता सदर दोषामुळे असून कथित अपघाताशी तिचा संबंध नाही. सबब दावा खर्चासह फेटाळावा."

मी त्याला विचारले, "भाऊ, हे तुम्हाला माहीत होते का?"

तो म्हणाला, "मले तं कोणी काहीच सांगतलं नाही साहेब. डॉक्टर म्हणाले, किडनीचा मार बरा झाला, घरी जा."

ज्या शरीरात हा माणूस चौतीस वर्षे राहिला, त्या शरीराची माहिती त्याला डॉक्टरने दिली नाही. ती त्याला मिळाली विरुद्ध पक्षाच्या वकिलाकडून, आणि तीही आरोप म्हणून! हा लेख त्यासाठी आहे.

रुग्णालयाची पूर्ण फाईल ठेकेदाराकडे होती. बिल त्याने भरले म्हणून कागदही त्याचे, असा त्याचा समज. कामगाराच्या हातात फक्त एक पानाचे डिस्चार्ज कार्ड. त्या कार्डावर बरगड्या होत्या, मनगट होते, गोळ्यांची नावे होती. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमधली शेवटची ओळ नव्हती. ती ओळ इंग्रजीत होती आणि तिचा अर्थ असा की, योगायोगाने असे आढळले की उजवी मूत्रवाहिनी महाशिरेच्या मागून जाते, किडनीला मध्यम सूज आहे, मूत्ररोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. सल्ला घ्यावा, असे स्पष्ट लिहिले होते. लिहिणाऱ्या डॉक्टरने आपले काम चोख केले. पण ती ओळ फाईलमध्ये राहिली, फाईल ठेकेदाराकडे गेली, ठेकेदाराकडून विमा कंपनीकडे गेली. ज्याची ती किडनी, त्याच्यापर्यंत तेवढी पोचली नाही.

मी कायद्याचा माणूस, वैद्यकाचा नव्हे. आपल्याच चळवळीतल्या एका सर्जन मित्राकडे तो रिपोर्ट घेऊन गेलो. त्याने दाव्याच्या कागदाच्या मागच्या बाजूला पेनाने दोन रेघा ओढल्या आणि दहा मिनिटांत सगळे समजावून सांगितले. ते वाचकांसाठी येथे मांडतो, कारण उद्या हा रिपोर्ट तुमच्या घरातही येऊ शकतो.

प्रत्येक किडनीतून एक नळी निघते आणि मूत्राशयापर्यंत जाते. हीच मूत्रवाहिनी. लांबी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर, जाडी पेन्सिलीपेक्षाही कमी. ती नुसती पन्हळ नाही. तिच्या भिंतीत स्नायू असतात आणि त्यांच्या लाटांनी लघवी खाली ढकलली जाते. पोटाच्या मागच्या भागात, कण्याच्या पुढे थोडी उजवीकडे, शरीराची एक सर्वांत मोठी शीर असते. पायांचे आणि पोटाचे रक्त ती हृदयाकडे नेते. तिला अधोमहाशीर म्हणतात. बहुतेक माणसांत उजवी नळी या शिरेच्या बाजूने सरळ खाली उतरते. आमच्या कामगाराच्या शरीरात ती शिरेच्या मागे शिरते, वळसा घालून पुढे येते आणि मग खाली जाते. रंगद्रव्य देऊन काढलेल्या चित्रात ती मासे धरायच्या गळासारखी दिसते. शीर आणि कणा यांच्यात नळी अडकली की लघवी तुंबते, किडनी फुगते, कधी खडे होतात, कधी जंतुसंसर्ग होतो. डॉक्टर तिला 'रिट्रोकेव्हल युरेटर', म्हणजे शिरेमागची मूत्रवाहिनी म्हणतात.

ही रचना दुर्मीळ आहे, साधारण हजारात एखाद्याला असते. बायकांपेक्षा पुरुषांत जास्त आढळते आणि जवळजवळ नेहमी उजव्याच बाजूला, कारण ती शीरच उजवीकडे असते. त्रास झालाच तर तो बहुधा तिशी-चाळिशीत जाणवू लागतो. कित्येकांना आयुष्यभर काहीही होत नाही आणि दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या स्कॅनमध्ये ती अचानक दिसते. साध्या सोनोग्राफीत किडनीची सूज दिसते, पण सूज कशामुळे ते सहसा कळत नाही. म्हणून अनेकांच्या कागदावर 'मुतखडा असावा' असे लिहून वर्षे निघून जातात.

यापुढे माझ्या मित्राने जे सांगितले, ते ऐकून मी वकील म्हणून चमकलो. तो म्हणाला, "यात नळीचा दोषच नाही. दोष शिरेचा आहे." गर्भात आपल्या पोटाच्या शिरा एकदम तयार होत नाहीत. आधी शिरांच्या काही जोड्या बनतात, त्यातल्या काही पुढे विरून जातात आणि उरलेल्यांतून महाशीर घडते. जी शीर नळीच्या मागे असते, तिच्यातून महाशिरेचा खालचा भाग घडायचा असतो. काही गर्भांत त्याऐवजी नळीच्या पुढची शीरच टिकते आणि तीच मोठी होते. नळी आपल्या जागेवरच असते, शीर तिच्या पुढ्यात येऊन बसते. १८९३ साली होखश्टेटर या शरीररचनाशास्त्रज्ञाने ही रचना नोंदवली. पुढे गर्भशास्त्र उलगडले तेव्हा जाणकारांनी नावही बदलून सुचवले, 'नळीपुढची महाशीर'. पण जुने नाव चिकटले ते चिकटलेच. वाट अडवली शिरेने, आणि शंभर वर्षांहून अधिक काळ दोषी म्हणून नाव लागले नळीचे!

आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायची गरज आहे का? ज्याची वाट अडवली, त्याच्याच नावावर दोष लिहायचा, हा प्रकार आपण चांगलाच ओळखतो. विमा कंपनीची कैफियत नेमकी त्याच वळणाची होती. परांचीला कठडा नव्हता, कामगाराला पट्टा दिला नव्हता, याबद्दल एक शब्द नाही. दोषी कोण? तर कामगाराची मूत्रवाहिनी!

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. हा दावा १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखालचा होता. आता ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आली आहे. प्रश्न एवढाच असतो की इजा कामातून आणि कामाच्या ओघात झालेल्या अपघाताने झाली काय? कामगार आधी निरोगी पैलवान होता काय, हा प्रश्न नसतो. इंग्लंडमधल्या न्यायालयाने १९०१ सालीच हे तत्त्व सांगितले आहे. एखाद्याची कवटी जन्मतःच पातळ असली, तरी डोक्यावर मारणाऱ्याला "इतरांचे डोके फुटले नसते" असे म्हणून सुटता येत नाही. माणूस जसा आहे तसा त्याला धरून इजेची जबाबदारी घ्यावी लागते. आपली न्यायालयेही हे तत्त्व मानतात. सुजलेली किडनी मार लागल्यास लवकर दुखावते, हे खरे. पण मार कोणी लावला?

विमा कंपनीने आपल्या डॉक्टरची साक्ष घेतली. मी उलटतपासात चारच प्रश्न विचारले. ही रचना जन्मापासून आहे ना? होय. म्हणजे हा माणूस बारा वर्षे सेंट्रिंगचे काम करत होता तेव्हाही ती होती? होय. मूत्रवाहिनीच्या या रचनेने बरगडी मोडते काय, मनगट मोडते काय? नाही. अपघाताच्या आदल्या दिवशी लघवीत रक्त होते असा एक तरी कागद आहे? नाही. 'लपवून ठेवले' या आरोपाचे उत्तर तर त्यांच्याच फाईलमध्ये होते. अपघातापूर्वी त्याचा एकही स्कॅन झालेला नव्हता. ज्याला माहीतच नाही, तो लपवील कसे?

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो, कारण ती आपल्या माणसांची आहे. एका कार्यकर्त्याने मला सुचवले, "साहेब, किडनीची सूजही अपघातानेच झाली म्हणा. रक्कम वाढेल. त्यांनी खोटे लिहिले, आपण का मागे राहायचे?" कामगाराच्या डोळ्यांतही ती आशा दिसली. त्याचे मी समजू शकतो, घरात दोन लेकरे होती. पण मी नकार दिला. किडनीला लागलेला मार अपघाताचा होता, तो आम्ही मागितला. जुनी सूज अपघाताची नव्हती, ती आम्ही मागितली नाही. दुसऱ्याच्या शरीराबद्दल खोटे लिहिणाऱ्या कंपनीला आपण खोट्यानेच उत्तर दिले असते, तर उलटतपासात पहिल्यांदा कामगारच उघडा पडला असता आणि खरा दावाही बुडाला असता. सत्य आपल्या बाजूचे असताना त्यात भेसळ कशाला? निकाल कामगाराच्या बाजूने लागला. मनगट, बरगड्या आणि किडनीचा मार यांची भरपाई व्याजासह मंजूर झाली.

पण खरे नुकसान न्यायालयात मोजले गेलेच नाही. अपघातानंतरच्या जवळजवळ दोन वर्षांत त्या सुजलेल्या किडनीकडे कोणीही पाहिले नाही. उजव्या कुशीत दुखले की हा माणूस चौकातल्या मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेई. त्याला वाटे, जुन्या बरगडीचे दुखणे आहे. आधीच ताण असलेल्या किडनीला अशा वेदनाशामक गोळ्या घातक ठरू शकतात, हे त्याला कोण सांगणार? किडनीच्या कामाची तपासणी केली तेव्हा उजव्या किडनीचा वाटा डावीपेक्षा बराच खाली आलेला निघाला. किती आधीपासून आणि किती या दोन वर्षांत, हे कोणीही सांगू शकत नाही. डिस्चार्ज कार्डावर मराठीत एक ओळ लिहिली असती, तर हा प्रश्नच उरला नसता.

२०२३ च्या अखेरीस शस्त्रक्रिया झाली. शिरेला हात लावत नाहीत. नळी कापून शिरेच्या मागून मोकळी करतात, पुढे आणतात आणि पुन्हा जोडतात. जोड भरून येईपर्यंत आत एक मऊ नळी, म्हणजे स्टेंट ठेवतात आणि काही आठवड्यांनी तो काढतात. हा स्टेंट काढायला परत जाणे विसरू नका! गरिबाची रोजी बुडते, गाव दूर असते, दुखणे थांबलेले असते, म्हणून माणूस जात नाही. आत राहिलेल्या स्टेंटवर क्षार चढतात आणि मग एकाच्या जागी दोन शस्त्रक्रिया होतात. स्टेंट टाकल्याची आणि काढायची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून मागा.

शस्त्रक्रियेच्या आधी त्याची आई मला भेटली. म्हातारी बाई, चेहरा उतरलेला. म्हणाली, "साहेब, याच्या वेळी मीनं ग्रहणात भाजी चिरली होती. त्यानंच झालं का हे?" चौतीस वर्षे जुनी विळी त्या माउलीने एका रात्रीत आठवून काढली होती! मी म्हटले, "आई, ग्रहणाचा आणि शिरेचा काही संबंध नाही. तुमची काही चूक नाही." वस्तीतल्या दुसऱ्या एकाने तर 'मागच्या जन्माचे' काहीतरी काढले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्माच्या कर्माचा हा सिद्धांत का नाकारला, हे अशा वेळी कळते. त्या सिद्धांताने दुःखाचे कारण शोधले जात नाही, दुःखी माणसालाच आरोपी केले जाते. 'जन्मजात' या शब्दाचा चटका आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. वैद्यकातल्या 'जन्मजात' या शब्दाचा अर्थ एवढाच की रचना जन्मापासून आहे. त्यात पाप नाही, कलंक नाही आणि कोणाची जबाबदारी झटकण्याची सोयही नाही.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अशी रचना दिसली की लगेच कापायचे, असे नाही. नळीत अडथळा नसेल, सूज नसेल, त्रास नसेल, तर बहुधा वेळोवेळी तपासणी पुरते. रिपोर्टमधला अवघड शब्द दाखवून, घाबरवून कोणी त्याच दिवशी भरती व्हायला सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्या. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली प्रकरणात हा कायदा स्पष्ट केला आहे. त्या बाईंनी दुर्बिणीतून तपासणीला संमती दिली होती. त्या बेशुद्ध असताना त्यांच्या आईची संमती घेऊन गर्भाशय काढून टाकण्यात आले. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, जीव तातडीने धोक्यात नसेल तर रुग्णाला शुद्धीवर येऊ द्या, समजावून सांगा आणि मग विचारा, असे न्यायालयाने सांगितले. योगायोगाने जे सापडते, त्यालाही हे लागू आहे. सापडलेले लपवायचे नाही आणि न विचारता कापायचेही नाही.

कागदांचा अधिकारही असाच पक्का आहे. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारविषयक नियमांनुसार भरती रुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपावे लागतात आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्यावे लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने तर १९९६ सालीच, रघुनाथ रहेजा प्रकरणात, गुप्ततेचे कारण सांगून रुग्णाला कागद नाकारता येत नाहीत असे सांगितले. बिल ठेकेदाराने भरो, मालकाने भरो की सरकारी योजनेने भरो, शरीर रुग्णाचे आहे. म्हणून कागद मिळण्याचा हक्कही त्याचाच.

आरोग्य विम्याबद्दल एक वाक्य. विमा नियामकाने २०१९ मध्ये शरीराच्या आतल्या जन्मजात आजारांना पॉलिसीतून कायमचे वगळण्यास मनाई केली आहे. माहीत असलेली गोष्ट अर्जात जरूर लिहा, प्रतीक्षाकाळ लागू शकतो. पण कोणी 'जन्मजात' म्हणून दावा सरळ परत पाठवला, तर गप्प बसू नका, लेखी कारण मागा.

चळवळीतल्या कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. आपण रुग्णाला ॲम्ब्युलन्स मिळवून देतो, रक्त देतो, वर्गणी काढतो. हे सगळे मोलाचे आहे. त्यात आणखी एका कामाची भर घाला. सुटी मिळताना रुग्णासोबत थांबा आणि तीन गोष्टी विचारा. ज्या दुखण्यासाठी आलो त्याशिवाय स्कॅनमध्ये आणखी काही दिसले काय? दिसले असेल तर त्याचे पुढे काय करायचे आणि कधी यायचे? हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्याल काय? सीटीची फिल्म असेल किंवा सीडी असेल, तीही मागून घ्या. नुसता रिपोर्ट पुरत नाही. मात्र एक भान ठेवा. रुग्णाचा रिपोर्ट त्याच्या परवानगीशिवाय विहारात किंवा चौकात वाचून दाखवू नका. ती माहिती त्याची आहे.

सरकारकडे मागणीही याच धर्तीची हवी. प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर 'योगायोगाने आढळलेले' असा एक रकाना ठेवा आणि तो मराठीत भरणे बंधनकारक करा. याला बजेट लागत नाही, यंत्र लागत नाही. दोन इंच जागा आणि पेनाची दोन मिनिटे लागतात.

तो कामगार आता एका गोदामात हलके काम करतो. दर वर्षी सोनोग्राफी करतो. आमच्या सर्जन मित्राने काढलेल्या त्या दोन रेघांच्या चित्राची झेरॉक्स त्याने प्लॅस्टिकमध्ये घालून फाईलच्या पहिल्या पानावर लावली आहे. परवा दवाखान्यात नवीन डॉक्टर भेटले. त्यांनी विचारण्याआधीच त्याने फाईल उघडली आणि चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ही माझी नळी अन् ही शीर. आता सांगा, यंदा किडनी किती चालते?"

हा प्रश्न विचारण्याचा हक्क त्याला २०२१ सालीच होता.